स्टुडिओतले सोलो बाजूला ठेवा, लाइव्ह टेप काढा

सहावी तार

‘सगळ्यात भारी गिटारवादक कोण’ यावर आजवर भरपूर हाणामाऱ्या झाल्यात आणि दर वेळी गाडी हेंड्रिक्सपाशी येऊन थांबते. म्हणून या धाग्याला एक अट घालतो. स्टुडिओत वाजवलेलं काहीही इथे पुरावा म्हणून चालणार नाही. स्टुडिओत एकच सोलो हवा तितक्या वेळा वाजवता येतो, त्यातले बरे तुकडे जोडता येतात, बिघडलेली जागा झाकता येते. स्टेजवर सूर गेला की गेला. पुढच्या दोन मात्रांत त्याचं काय करायचं हे ज्याला कळतं, तो माझ्या लेखी मोठा.

तर फक्त अधिकृतपणे बाहेर आलेली लाइव्ह रेकॉर्डिंग्ज धरायची. नुसतं नाव टाकून पळायचं नाही. गाणं कुठलं, रात्र कुठली, त्यातली जागा कुठली, हे सांगायचं.

सुरुवात मीच करतो. ऑलमन ब्रदर्स बँडचा ड्वेन ऑलमन, अल्बम ‘ॲट फिलमोर ईस्ट’. न्यूयॉर्क, १२ आणि १३ मार्च १९७१. गाणं ‘व्हिपिंग पोस्ट’, २३ मिनिटं. प्रेक्षकांतून कुणीतरी गाण्याचं नाव ओरडतो, ड्वेन ‘बरोबर ओळखलंस’ अशा अर्थाचं काहीतरी म्हणतो आणि बेरी ओकलीचा बेस एकटाच सुरू होतो. अकरा मात्रांचा तुकडा, ३+३+३+२. त्यावर एकेक जण चढत जातो. मध्यावर कधीतरी ठेका जवळजवळ विरघळतो, दोन्ही गिटार हळू आवाजात काहीतरी शोधत राहतात, आणि दोन ड्रमर असूनही कुणी घाई करत नाही. तिथून पुन्हा सगळे एकदम वर येतात ते ऐका. ड्वेन तेव्हा २४ वर्षांचा होता. त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला मेकन शहरात मोटरसायकल अपघातात गेला. अल्बम बाहेर येऊन जेमतेम तीन-चार महिने झाले होते.

पाचवा पडदा

+१, पण अर्धाच. या अल्बमवर सगळे ड्वेन ड्वेन करतात आणि डिकी बेट्स दुसऱ्या गिटारवर होता एवढंच लक्षात ठेवतात. ‘इन मेमरी ऑफ एलिझाबेथ रीड’ ही रचनाच बेट्सची. सुरुवातीला आवाजाची खुंटी फिरवत तो सूर असे फुलवत आणतो की व्हायोलिन वाटावं. पहिला सोलो त्याचा. मग ड्वेनचा भाऊ ग्रेग याचा ऑर्गन, आणि मग ड्वेन. ड्वेन ज्या उंचीवर जातो तिथवरची शिडी बेट्सने लावलेली आहे. बेट्सचा सोलो गाळून थेट ड्वेनपाशी उडी मारून बघा, निम्मी मजा जाते.

फीडबॅक

ठीक आहे, दोघेही सुंदर. पण २३ मिनिटं? मला तेवढ्या वेळात ‘मेड इन जपान’ची एक अख्खी बाजू ऐकून होते आणि वर चहाही होतो.

माझं मत रिची ब्लॅकमोरला. डीप पर्पल, ऑगस्ट १९७२: १५ आणि १६ ला ओसाका, १७ ला टोकियोचं बुडोकान. हा अल्बम बँडला मुळात काढायचाच नव्हता. जपानमधल्या कंपनीने आग्रह धरला, म्हणून ‘निदान रेकॉर्डिंग आमचा माणूस करेल’ या बोलीवर मार्टिन बर्चला सोबत नेलं. सात गाणी, चार बाजू, वरून काहीही चिकटवलेलं नाही.

जागा विचारलीत ना? ‘स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन’. ब्लॅकमोर एक तुकडा वाजवतो, गायक गिलन तो गळ्यातून काढतो. ब्लॅकमोर आणखी वाकडा वाजवतो, गिलन तोही काढतो. अशी चढाओढ सुरू राहते, शेवटी गिलन जी किंकाळी फोडतो तिला उत्तर नाही आणि ब्लॅकमोर गप्प बसतो. प्रतिस्पर्ध्याला जिंकू देणारा गिटारवादक, तोही ब्लॅकमोरसारखा तऱ्हेवाईक माणूस! हे फक्त स्टेजवरच घडू शकतं.

नुसता श्रोता

डीप पर्पलच्या जॉन लॉर्डला विसरू नका. त्याने हॅमंड ऑर्गन मार्शलच्या ॲम्पमधून काढला होता, त्यामुळे ‘लेझी’मध्ये बऱ्याच जागी गिटार कुठली आणि ऑर्गन कुठला हे कान टवकारूनच कळतं. माझ्या ओळखीतल्या निम्म्या लोकांचे आवडते ब्लॅकमोर सोलो प्रत्यक्षात लॉर्डचे असावेत अशी मला दाट शंका आहे.

उत्तररात्र

लेड झेपलिनचा जिमी पेज अजून आला नाही धाग्यावर? की अट वाचून त्याचे भक्त दबकून बसलेत? :)

झेपभक्त

दबकून नाही, शांतपणे वाचत होतो.

हो, पेज स्टेजवर घसरतो. बोटं गुंततात, काही रात्री तर ‘हार्टब्रेकर’चा एकट्याचा सोलो म्हणजे जिन्यावरून भांडी पडल्यासारखा. पण धागाकर्त्याचीच कसोटी लावा ना! सूर गेल्यावर काय करतो ते बघा. पेज मागे वळून बघतच नाही. चुकलेल्या सुरावरून पुढच्या कल्पनेवर उडी मारतो.

‘हाऊ द वेस्ट वॉज वन’ ऐका. २५ जून १९७२ लॉस एंजेलिस फोरम आणि २७ जून लाँग बीच, या दोन मैफलींतून जुळवलेला, बाहेर आला थेट २००३ मध्ये. त्यातल्या ‘हार्टब्रेकर’मध्ये तो मधेच बाखच्या बुरे या नृत्यरचनेचा तुकडा वाजवून जातो. ‘सिन्स आय हॅव बीन लव्हिंग यू’मध्ये गायक प्लँटच्या प्रत्येक ओळीमागे जे छोटे छोटे जवाब देतो, ते सोलोपेक्षा मोलाचे आहेत.

‘द साँग रिमेन्स द सेम’वरून पेजला मोजू नका एवढीच विनंती. मॅडिसन स्क्वेअर गार्डन, जुलै १९७३, लांबलचक दौऱ्याच्या शेवटच्या तीन रात्री, सगळे थकलेले.

चौथा ट्रॅक

आता माझी पाळी, आणि मी कुठल्याही वादकाची बाजू घेणार नाही. मी मिक्सरच्या बाजूचा माणूस आहे.

धागाकर्ते, तुमच्या अटीला भोक आहे. ‘अधिकृत लाइव्ह’ म्हणजे स्टेजवर वाजलं तसंच, हे तुम्हाला सांगितलं कुणी? हे घ्या.

किस, ‘अलाइव्ह!’, १९७५. नंतर स्टुडिओत बसून इतकं पुन्हा वाजवलं आणि गायलं गेलं की प्रेक्षकांचा आवाजसुद्धा वाढवून भरला. बँडवाले आता ते लपवतही नाहीत.

थिन लिझी, ‘लाइव्ह अँड डेंजरस’, १९७८. निर्माता टोनी व्हिस्कॉन्टी म्हणतो, ७५ टक्के स्टुडिओत केलं. बँडच्या बाजूचे लोक म्हणतात, उलट आहे, ७५ टक्के स्टेजवरचंच. हा वाद इतकी वर्षं चालू आहे आणि दोन्ही बाजू आपापल्या जागी घट्ट.

रोलिंग स्टोन्सच्या ‘गेट यर या-याज आऊट’मध्ये गाण्याचे काही भाग नंतर भरले. ग्रेटफुल डेडच्या ‘युरोप ’७२’मध्येही आवाज स्टुडिओत पुन्हा गायले.

आणि झेपभक्त, तुमच्या ‘साँग रिमेन्स’च्या चित्रपटात मैफलीची काही दृश्यं १९७४ मध्ये शेपर्टन स्टुडिओत खोट्या स्टेजवर पुन्हा घेतली आहेत. बेसवादक जॉन पॉल जोन्सने तोवर केस कापले होते, म्हणून त्याला टोप घालून उभं केलं. पुढच्या वेळी नीट बघा, टोप ओळखू येतो.

आता गंमत. याच्या बरोबर उलटही झालंय. किंग क्रिमझनचा ‘स्टारलेस अँड बायबल ब्लॅक’ (१९७४) लोक स्टुडिओ अल्बम म्हणून ऐकतात. त्यातला बराचसा भाग नोव्हेंबर १९७३ मध्ये अॅमस्टरडॅमच्या कॉन्सर्टगेबाऊमध्ये प्रेक्षकांसमोर वाजवलेला आहे. टाळ्या पुसून टाकल्या, बस. ‘फ्रॅक्चर’मध्ये रॉबर्ट फ्रिपची उजवी-डावी बोटं जे काही करतात ते स्टेजवर, एका दमात. तुमच्या अटीप्रमाणे हा अल्बम बाद की पास?

सहावी तार

@चौथा ट्रॅक, पास! फ्रिप आत घेतला. त्याला कुणी स्टूल द्या, तो बसूनच वाजवतो.

किस बाद. थिन लिझीचा निकाल राखून ठेवतो.

पाचवा पडदा

थिन लिझीचा निकाल मी देतो. ‘स्टिल इन लव्ह विथ यू’. स्टुडिओतल्या मूळ गाण्यात गिटार गॅरी मूरची आहे. ‘लाइव्ह अँड डेंजरस’वर ब्रायन रॉबर्टसन. आज कुणालाही विचारा, गाणं आठवतं ते रॉबर्टसनच्या सोलोसकट. गॅरी मूरच्या गाण्यावर आपलं नाव कोरणं सोपं नाही. आणि त्यानंतरही रॉबर्टसन आणि स्कॉट गोरम मिळून जोडीने जे सूर लावतात, त्या दोन गिटारींवर पुढच्या किती हेवी मेटल बँडांची चूल पेटली! स्टुडिओत केलं असेल तर केलं असेल. मला फरक पडत नाही.

फीडबॅक

अहो, फरक पडत नाही म्हणजे? मग धाग्याची अट कशाला?

पाचवा पडदा

अट तुम्ही पाळा. मी ऐकतो.

बेसवाली

तुम्हा सगळ्यांना गिटारपलीकडे काही दिसतं का? बेस कुणी ऐकतं की नाही?

द हू, ‘लाइव्ह ॲट लीड्स’. १४ फेब्रुवारी १९७०, विद्यापीठाचं भोजनगृह. त्याआधीच्या अमेरिका दौऱ्याचे ढीगभर टेप होते. गिटारवादक टाऊनशेंडला ते ऐकत बसायचं नव्हतं, म्हणून ते जाळून टाकायला सांगितले आणि लीड्स व हल अशा दोन रात्री नव्याने रेकॉर्ड केल्या. मूळ तबकडीवर फक्त सहा गाणी होती. कव्हर चोरट्या रेकॉर्डसारखं मळकट, आणि लेबलवर हाताने लिहिलेली सूचना की करकर ऐकू येते ती ठीक आहे, दुरुस्त करू नका. ही करकर एंटविसलच्या बेसच्या केबलची होती असं म्हणतात. मला तर फार अभिमान वाटतो.

‘माय जनरेशन’ इथे पंधरा मिनिटांचं होतं. टाऊनशेंड एक रिफ काढतो, ती भिंतींवर आपटून परत येते, तो प्रतिध्वनीशीच खेळायला लागतो. पण तेव्हा खाली जमीन कोण धरून आहे? टाऊनशेंड कॉर्ड मारतो आणि सूर भरतो एंटविसल. या बँडमधला लीड वादक बेसवर होता. कीथ मून तर ठेका देतच नाही, तो ड्रमवर गातो.

आणि हल? दुसऱ्या रात्रीच्या टेपवर सुरुवातीच्या काही गाण्यांचा बेसच उमटला नव्हता. त्यामुळे ती मैफल कित्येक वर्षं पडून राहिली. २०१० मध्ये ती बाहेर काढली, तेव्हा त्या गाण्यांना लीड्सचा बेस उचलून जोडला. आधल्या रात्रीचा एंटविसल दुसऱ्या रात्रीच्या बँडबरोबर वाजवतोय आणि सांधा कळतही नाही! @चौथा ट्रॅक, हे कुठल्या खात्यात टाकाल?

चौथा ट्रॅक

बेसवाली, दंडवत घ्या. हे खातं वेगळंच आहे. दोन्हीकडे माणूस तोच, गाणं तेच, दोन्ही रात्री स्टेजवरच्या. मी तरी याला फसवणूक म्हणणार नाही. पण बघा, एक दिवसाच्या फरकाने वाजवलेलं जुळतं याचा अर्थ मूनसारख्या वेड्या माणसाबरोबर वाजवूनही एंटविसलची लय किती पक्की होती.

नुसता श्रोता

वाखु (वाचनखूण) साठवली. ‘ड्रमवर गातो’ हे फार आवडलं.

उत्तररात्र

इतका वेळ वाट पाहिली, कुणीच घेत नाही म्हणून मीच नाव घेतो. रोरी गॅलघर.

‘आयरिश टूर ’७४’. जानेवारी १९७४, बेलफास्ट, डब्लिन आणि त्याचं स्वतःचं कॉर्क. बेलफास्टमध्ये तेव्हा बॉम्ब फुटत होते आणि बाहेरचे बहुतेक बँड तिकडे फिरकत नव्हते. रोरी दर वर्षी जायचा. उल्स्टर हॉलमध्ये जमलेली पोरं त्याच्यासाठी जे ओरडतात त्यात नुसतं कौतुक नाही, ‘तू आलास’ हेही आहे. रेकॉर्डिंगला रॉनी लेनचा फिरता स्टुडिओ.

‘अ मिलियन माइल्स अवे’ ऐका. सोलो शिगेला नेऊन तो आवाज इतका खाली आणतो की हॉलमधली कुजबुज ऐकू यावी. हाताशी एकच फेंडर स्ट्रॅटोकास्टर, १९६१ ची, घामाने रंग पार उडालेली, खालचं लाकूड उघडं पडलेलं. ना कसला थाट, ना डोलारा. चौकड्यांचा शर्ट, गिटार, ॲम्प.

ब्लॅकमोर आणि पेजला मोठं करायला मागे अख्खं साम्राज्य होतं. रोरीला फक्त मैफल होती. स्टुडिओत तो कधी खुलायचाच नाही, म्हणून धाग्याची अट त्याच्यासाठीच केलेली वाटते.

सहावी तार

उत्तररात्र, प्रतिसाद खूपच आवडला. ‘टॅटूड लेडी’ही याच अल्बमवर आहे, नव्या लोकांनी तिथून शिरावं.

अर्धा सूर

क्लॅप्टनचं नाव मुद्दाम टाळताय का? त्याच्या क्रीम या बँडचं ‘क्रॉसरोड्स’, १० मार्च १९६८, सॅन फ्रान्सिस्कोचं विंटरलँड. (अल्बमवर ‘लाइव्ह ॲट द फिलमोर’ लिहिलंय, त्यातलं खरं फिलमोरचं फक्त ‘टोड’.) चार मिनिटं काही सेकंद. त्यात दोन सोलो. एकही सूर काढता येणार नाही.

फीडबॅक

आणि क्लॅप्टनला स्वतःला ते आवडत नाही, हे माहीत आहे ना? त्याचं म्हणणं, तिघांचा ठेका मध्ये उलटलाय, जोर भलत्याच मात्रेवर पडतोय. दुसरा सोलो पाय हलवत ऐका. क्लॅप्टन, ब्रूस, बेकर तिघेही इतके सुसाट सुटलेत की सम नेमकी कुणाची खरी हा प्रश्न पडतो. तरी शेवटी तिघे एकाच क्षणी धाडकन गाण्यावर उतरतात. मला तर तेच आवडतं. तिघेही चुकताहेत आणि कुणीच माघार घेत नाही!

झेपभक्त

क्लॅप्टनवरून आठवलं. धागाकर्त्याच्या कसोटीचं सर्वात स्वच्छ उदाहरण ‘द लास्ट वॉल्ट्झ’मध्ये आहे. विंटरलँडच, २५ नोव्हेंबर १९७६, द बँडची निरोपाची मैफल. ‘फर्दर ऑन अप द रोड’. क्लॅप्टन सोलो सुरू करतो आणि गिटारचा पट्टा निसटतो. तो गिटार सावरायला बघतोय, आणि एकही मात्रा रिकामी न जाऊ देता शेजारून द बँडचा गिटारवादक रॉबी रॉबर्टसन सोलो उचलतो. नुसता उचलत नाही, दात विचकल्यासारखा वाजवतो. पट्टा लावून क्लॅप्टन परत आल्यावर त्याला आता उत्तर देणं भाग असतं, त्यामुळे त्याचाही हात सैल सुटतो. चित्रपटात सगळं दिसतं, दोन-तीन सेकंदांचा खेळ.

(हो, @चौथा ट्रॅक, या मैफलीवरही नंतर स्टुडिओत भरपूर काम झालं. माहीत आहे.)

चौथा ट्रॅक

मी काही बोललोच नाही. :)

बोलायचं आहे ते वेगळं. ध्वनिमुद्रक एडी क्रॅमर हे नाव लक्षात ठेवा. किसचा ‘अलाइव्ह!’ त्याने केला. मॅडिसन स्क्वेअर गार्डनचं झेपलिन त्यानेच रेकॉर्ड केलं. वुडस्टॉकला टेपवर तोच होता आणि हेंड्रिक्सचा ‘बँड ऑफ जिप्सीज’ही त्याच्याच हातून गेला. तोच माणूस, तेच कान. कधी सगळं बदललं, कधी हात लावला नाही. निर्माता टॉम डाऊडचं तसंच. फिलमोर ईस्टला पहिल्या रात्री ऑलमन बंधूंनी सॅक्सोफोनवाले आणले होते. डाऊडने ते ऐकून डोक्याला हात लावला आणि ड्वेनला ‘यांना घरी पाठव’ म्हणून सांगितलं. तो हट्टाला पेटला नसता तर या धाग्याची पहिली पोस्ट वेगळी असती. पुढे १९७६ मध्ये अटलांटाच्या फॉक्स थिएटरमध्ये लिनर्ड स्किनर्डचं ‘वन मोअर फ्रॉम द रोड’ही डाऊडनेच केलं. तुम्ही ज्याला वादकाचं कर्तृत्व म्हणता त्यातला बराच वाटा मागच्या खोलीत बसलेल्यांचा आहे.

बेसवाली

सहमत. आणि त्यातल्या ‘फ्री बर्ड’च्या शेवटच्या सोलोत ॲलन कॉलिन्स जळतो ते ठीकच, पण खाली बेस किती पळतो तेही ऐका.

जिप्सी आय

आता हेंड्रिक्स आणायची वेळ झाली. धागाकर्त्यांनी आधीच टोमणा मारून ठेवलाय, तरी.

वुडस्टॉक सगळ्यांना माहीत आहे. १८ ऑगस्ट १९६९, सोमवारची सकाळ, बहुतेक गर्दी घरी गेलेली, गिटारवर अमेरिकेचं राष्ट्रगीत. पण मला विचाराल तर फिलमोर ईस्ट, १ जानेवारी १९७०, ‘मशीन गन’. बिली कॉक्सचा बेस एकाच जागी घट्ट, बडी माइल्स ड्रमवर गोळ्यांच्या फैरी झाडतोय, आणि सोलोच्या सुरुवातीला हेंड्रिक्स एक सूर धरतो तो धरतोच. तो सूर संपण्याची वाट बघताना आपलाच श्वास अडकतो. मग सायरन, विमानं, किंकाळ्या. व्हिएतनामचं युद्ध चालू होतं आणि त्याने ते गाणं लढणाऱ्या सैनिकांना अर्पण करताना अमेरिकेतल्या रस्त्यांवरच्या लढायांचंही नाव घेतलं. गिटारमधून इतकं काही सांगता येतं हे तोवर कुणी दाखवलं नव्हतं.

‘बँड ऑफ जिप्सीज’ हा अल्बम काढला का, तर एका जुन्या कराराची कटकट मिटवायला. देणं फेडायचं म्हणून केलेलं काम, आणि त्यात हे!

पाचवा पडदा

‘मशीन गन’पुढे माझं काही म्हणणं नाही. फक्त एवढंच सांगतो की वुडस्टॉकला हेंड्रिक्सबरोबर लॅरी ली नावाचा दुसरा गिटारवादकही होता, शिवाय दोन तालवाद्यवाले. अधिकृत रेकॉर्डिंगमध्ये लॅरी ली जवळजवळ ऐकूच येत नाही. आवाज खाली ओढलाय. हा ओव्हरडब (नंतर वरून भरलेलं) नाही, पण खरं तरी म्हणायचं का?

जिप्सी आय

हा मुद्दा खरा आहे. आणि उलटं उदाहरण आइल ऑफ वाइटचं. ३१ ऑगस्ट १९७०, हेंड्रिक्सच्या ॲम्पमधून मधेच सुरक्षारक्षकांच्या वायरलेसचं बोलणं ऐकू येतं. ते तसंच ठेवलंय. तो वैतागलेला कळतो, काही गाणी तर ओढूनताणून नेतो. त्यानंतर अठरा दिवसांनी गेला. ती मैफल पुन्हा पुन्हा ऐकावी अशी नाही, पण ‘रेड हाऊस’ तेवढं चुकवू नका.

नुसता श्रोता

एक भाबडा प्रश्न. पिंक फ्लॉइडचं पॉम्पेई लाइव्ह धरायचं का? ऑक्टोबर १९७१, दगडी अँफिथिएटर, समोर प्रेक्षक शून्य. टाळी नाही, शिट्टी नाही.

फीडबॅक

प्रेक्षकच नाहीत तर कसलं लाइव्ह? उघड्यावरचा स्टुडिओ तो. शिवाय काही गाणी पॅरिसच्या स्टुडिओत चित्रित केली आहेत.

उत्तररात्र

पण ‘एकोज’, ‘अ सॉसरफुल ऑफ सीक्रेट्स’ आणि ‘वन ऑफ दीज डेज’ तिथेच वाजवली. गावातून लांबलचक केबल ओढून वीज आणून. धागाकर्त्याची अट ‘प्रेक्षक हवेत’ अशी नाही, ‘पुन्हा वाजवायची सोय नको’ अशी आहे. ‘एकोज’मध्ये गिलमोर आणि राइट एकत्र गातात, नंतर गिलमोर जो सोलो घेतो त्यात स्टुडिओपेक्षा धार आहे. २०२५ मध्ये स्टीव्हन विल्सनने नव्याने मिक्स करून हे स्वतंत्र अल्बम म्हणून आलं, ते ऐका, आता सबब उरली नाही.

सहावी तार

पॉम्पेई आत. प्रेक्षकांत भुतं होती असं समजू.

अर्धा सूर

जेफ बेक राहिला. रॉनी स्कॉट्स, लंडन, नोव्हेंबर २००७. तोवर साठी उलटलेली. पिक नाही, अंगठा आणि बोटं. ‘व्हेअर वेअर यू’मध्ये तो हार्मोनिक (तारेला हलकेच स्पर्श करून काढलेला घंटेसारखा सूर) लावतो आणि गिटारचा सूर वर-खाली करणारा दांडा दाबून-सोडून त्यातूनच अख्खी चाल काढतो. पडद्यावर बोट ठेवून सूर काढायची सोयच नाही, दांडा केसभर जास्त दाबला गेला की बेसूर. असं गाणं लोकांसमोर वाजवायला घ्यायलाच छाती लागते. ‘कॉज वी हॅव एंडेड ॲज लव्हर्स’मध्ये टाल विल्केनफेल्डचा बेस सोलो आला की बेक बाजूला होऊन तिच्याकडे बघत राहतो, ते @बेसवाली यांच्यासाठी.

जलद असणं वेगळं, हे वेगळं. मी आजवर जितके गिटारवादक ऐकले त्यांत म्हातारपणी आणखी चांगला होत गेलेला हा एकच.

बेसवाली

टाल तेव्हा वीस वर्षांची होती! धन्यवाद, आजचा दिवस सार्थकी.

झेपभक्त

बेक आला की पीटर ग्रीनही यायला हवा. फ्लीटवूड मॅक, बॉस्टन टी पार्टी, फेब्रुवारी १९७०. तीन गिटार: ग्रीन, कर्वन, स्पेन्सर. ग्रीन काही महिन्यांतच बँड सोडून गेला. कमी सुरांत जास्त कसं बोलावं हे त्याच्याकडून शिकावं.

जुनी कॅसेट

उशिरा आलो, पण तुम्ही सगळ्यांनी एक बँड फक्त ओव्हरडबच्या यादीत टाकून सोडलाय म्हणून लिहितो.

ग्रेटफुल डेड. तुमच्या अटीचा सगळा जोर एका रात्रीवर आहे. डेडच्या बाबतीत एक रात्र घेऊन चालत नाही. ते दोन मैफलींत तीच गाणी त्याच क्रमाने वाजवत नसत, आणि त्यांचा गिटारवादक जेरी गार्सिया याचा तोच सोलो दुसऱ्या दिवशी मिळत नसे. म्हणून तर लोक रेकॉर्डर घेऊन जात. बँडने त्यांना हाकललं नाही, उलट १९८४ पासून टेपवाल्यांसाठी वेगळी जागाच ठेवली. अट एकच, विकायचं नाही, अदलाबदल करायची.

आता कॉर्नेल विद्यापीठ, बार्टन हॉल, ८ मे १९७७. ध्वनिमुद्रण बँडच्याच बेटी कँटर-जॅक्सनचं. तिचे टेप पुढे भाडं थकल्यामुळे गोदामातून लिलावात गेले, हौशी लोकांच्या हाती पडले आणि प्रतींवर प्रती निघून जगभर फिरले. अधिकृत अल्बम आला २०१७ मध्ये. म्हणजे चाळीस वर्षं लोकांनी ‘अनधिकृत’ म्हणून ऐकलेली मैफल एके दिवशी अधिकृत झाली. धागाकर्ते, तुमच्या अटीप्रमाणे ती २०१६ मध्ये बाद आणि २०१७ मध्ये पास? गार्सियाने तर त्यात एक सूरही बदलला नाही, तो १९९५ मध्येच गेला.

‘स्कार्लेट बिगोनियाज’मधून ‘फायर ऑन द माउंटन’मध्ये ते कसे शिरतात ते ऐका. नेमक्या कुठल्या क्षणी पहिलं गाणं संपलं हे बोट ठेवून दाखवा आणि माझ्याकडून शाबासकी घ्या.

सहावी तार

जुनी कॅसेट, तुमचं म्हणणं बिनतोड आहे. ‘अधिकृत’ हा शब्द अटीतून काढला. बूटलेगही (अनधिकृत रेकॉर्डिंग्ज) चालतील. फक्त कुठे मिळतं वगैरे इथे विचारू नका.

फीडबॅक

धागाकर्त्यांनी अट शिथिल केल्याचा णिषेध!

कॉर्नेल लावलंय. बराच वेळ झाला, तो गार्सिया नुसता इकडून तिकडे हिंडतोय. सोलो सुरू झाला की कळवा.

जुनी कॅसेट

झाला केव्हाच. तुम्ही ब्लॅकमोरची वाट बघताय. आता उठू नका, शेवटाकडे ‘मॉर्निंग ड्यू’ यायचं आहे. ते हेडफोनवर, मोठ्या आवाजात.